तलवारीवरची थट्टा

साप बेडकाला खातो, बेडूक बिनशंखाच्या गोगलगाईला खातो, आणि त्या गोगलगाईच्या चिकट स्रावाने साप विरघळून जातो, अशी जपानमधली जुनी समजूत आहे. त्यामुळे हे तिघे समोरासमोर आले की कुणीच जागचे हलत नाही. सापाने बेडूक गिळला की गोगलगाईचा वैरी संपतो आणि ती सापावर चालून येते. बेडकाने गोगलगाय गिळली की सापाला रान मोकळे होते. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) कारागिरांनी हे त्रिकूट कमरेच्या डब्यांवर, त्यांच्या दोरीच्या गुंड्यांवर आणि तलवारीच्या साजावरही आणले. ज्या वस्तूचा जन्मच वार करण्यासाठी, तिच्या अंगावर ‘जो आधी वार करील तो मरेल’ असे सांगणारे चित्र! हे कुणाला सुचले असेल, आणि ते चित्र कमरेला लावून रस्त्याने चालणाऱ्याच्या मनात काय असेल, या प्रश्नाने मला बरीच वर्षे धरून ठेवले आहे.

तलवारींच्या अभ्यासकांत एक जुना, कडवा पंथ आहे. त्याच्या मते एदोच्या आधीच्या मुरोमाची काळातला काळाभोर, साधा लोखंडी साज हाच खरा. पुढे सोने-चांदी, रोगण, माकडे, उंदीर, राक्षस यांची जी गर्दी झाली ती योद्ध्यांच्या ऱ्हासाची खूण. लढाया संपल्या, हात रिकामे झाले आणि नटवेपणा शिरला, असा हा हिशेब. मला तो पटत नाही. या खेळकर आकृतींमध्ये एका शस्त्रधारी समाजाने शस्त्राविषयी केलेला गंभीर विचार आहे. आणि हा विचार धातूच्या कोरीवकामापेक्षा रोगणकामात जास्त खोल गेला, असे माझे म्हणणे आहे.

आधी ऱ्हासाच्या हिशेबातली एक ढोबळ चूक पाहू. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात तोयोतोमी हिदेयोशीची म्हणून सांगितली जाणारी तलवारींची जोडी आहे. म्याने लालभडक शेंदरी रोगणाची आणि त्यांवर सोन्याची पट्टी नागमोडी गुंडाळत गेलेली. हिदेयोशी १५९८ साली वारला. म्हणजे देशभर लढाया पेटलेल्या होत्या तेव्हाच एक सेनापती ही झगझगीत म्याने मिरवत होता. युद्ध आणि साधेपणा यांची जी गाठ आपण मनात मारून ठेवतो, ती इतिहासाने मारलेली नाही.

शांततेने मात्र एक गोष्ट नक्की केली. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ साली शिमाबाराचे बंड मोडले, आणि त्यापुढे सव्वादोनशे वर्षे जपानने मोठे युद्ध पाहिले नाही. सामुराईच्या कमरेला दोन तलवारी होत्याच, पण पाते म्यानात. लोकांना दिसायचा तो फक्त साज. त्यात पाते आणि मूठ यांच्यामधली चकती, म्हणजे त्सुबा, आपल्याकडच्या तलवारीच्या परजेचे काम करणारी. मुठीच्या दोन्ही टोकांच्या टोप्या. मुठीवरच्या रेशमी वेणीखाली अर्धवट लपलेले मेनुकी नावाचे दोन छोटे धातूचे दागिने. म्यानाच्या खोबणीत बसणारी लहान सुरी. आणि खुद्द म्यान, होनोकी नावाच्या हलक्या लाकडाचे, वर रोगणाचे थर. हे सगळे भाग सुटे होत, बदलता येत. एका पात्याला दोन-दोन साज असत. शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, दरबारी जाताना म्यान काळेच हवे, चकचकीत घोटलेले; धातूकाम गोतो घराण्याच्या शिस्तशीर वळणाचे. घरी, मित्रांकडे, चहाला, बाजारात जाताना दुसरा साज. व्यापाऱ्यांना लांब तलवार बंद होती. आखूड तलवार, म्हणजे वाकिझाशी, त्यांना लावता येई, आणि पैसा त्यांच्याकडे होता. खेळकर आकृती वाढल्या त्या या दुसऱ्या साजावर. ज्या हातात अधिकार आहे त्याने दरबारी वेष उतरवल्यावर स्वतःकडे कसे पाहिले, हे त्यातून कळते.

हा खेळ आपोआप उगवलेला नव्हता. त्याला वंशावळ आहे. इच्चो हानाबुसा (१६५२–१७२४) हा एदोचा चित्रकार. रस्त्यावरची माणसे, भिकारी, नाचणारे, पावसात पळणारे, ही त्याची दुनिया. १६९८ साली शोगुनच्या सरकारने त्याला मियाके बेटावर हद्दपार केले. १७०९ साली तो परतला. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण त्याचा कुंचला वरच्यांना झोंबत होता यात शंका नाही. योकोया सोमिन (१६७०–१७३३) हा धातूवर कोरणारा. शोगुनच्या पदरची घराण्याची चाकरी सोडून त्याने शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी काम सुरू केले आणि इच्चोच्या रेखाचित्रांवरून तलवारीचे साज कोरले. छिन्नी अशी तिरकी धरायची की रेषेची एक कड खोल, एक उथळ. धातूवर कुंचल्याचा फटकारा उमटवण्याची ही युक्ती त्यानेच नावारूपाला आणली. इच्चोची ऊठबस कवी किकाकुकडे होती, आणि किकाकु बाशोचा शिष्य. बाशोच्याच मंडळातला आणखी एक जण म्हणजे ओगावा हारित्सु (१६६३–१७४७), जो पुढे रोगणकामाचा मोठा कारागीर झाला. हे लोक हायकाईचे, म्हणजे त्या काळी खेळकर मानल्या गेलेल्या कवितेचे. उच्च काव्याच्या भाषेला बाजारातल्या भाषेशेजारी बसवायचे आणि त्या शेजारातून अर्थ निघू द्यायचा, हे त्यांचे शिक्षण. तीच रीत त्यांनी तलवारीला लावली. उच्च वस्तू म्हणजे तलवार. शेजारी आणून बसवला बेडूक.

आता एक त्सुबा जवळून पाहू. विषय तेव्हाचा अतिशय लोकप्रिय: शोकी आणि राक्षस. शोकी हा चिनी दंतकथेतला दाढीवाला राक्षसमर्दन. डोळे वटारलेले, हातात तलवार. चकतीची जी बाजू मुठीकडे असते, ती तलवार कमरेला असताना समोरच्याला दिसते. त्या बाजूला शोकी उभा, राक्षसाला शोधतो आहे. आता तलवार सुटी करून चकती उलटा. म्यानाकडच्या बाजूला, जिथे कुणाचीही नजर जात नाही, तिथे एक छोटा राक्षस अंग चोरून बसला आहे. काही साजांवर तर तो शोकीच्याच टोपीवर चढून बसतो. शोकीला तो दिसत नाही. मालकाला माहीत असते. ही थट्टा कुणावर आहे? राक्षसावर नक्कीच नाही. तलवार उपसून वाईटाचा नायनाट करायला निघालेल्या वीरावर आहे. आणि ती थट्टा त्या वीराच्या जागी स्वतःला पाहणाऱ्या माणसाने पैसे मोजून करवून घेतली आहे. सत्ताधाऱ्याची टर इतरांनी उडवणे जगभर सापडते. सत्तेचे चिन्हच सत्तेवर शंका घेते, आणि सत्ताधारी ते रोज अंगावर वागवतो, हे फार दुर्मीळ आहे.

याच जातीचा दुसरा विषय म्हणजे भोपळा आणि मार्जारमासा. गुळगुळीत भोपळ्याने बुळबुळीत मासा दाबून धरायचा. १४१५ च्या सुमारास शोगुन आशिकागा योशिमोचीने जोसेत्सु या भिक्षू-चित्रकाराकडून हे चित्र काढून घेतले आणि झेन भिक्षूंना त्यावर कविता करायला लावल्या. ते आजही क्योतोच्या म्योशिन्जी मठातल्या ताइझोइनच्या मालकीचे आहे. बळ लावले की निसटणारी गोष्ट, असा हा कूटप्रश्न. पुढे तो तलवारीच्या साजावर उतरला. मेनुकी म्हणून तो मुठीच्या वेणीखाली बसला की दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधून माशाच्या मिशा तेवढ्या डोकावतात. मूठ आवळली की तो दागिना तळहाताला लागतो, पकड बसते. बळाच्या निष्फळतेची आठवण थेट बळ लावणाऱ्या तळव्याखाली!

धातूच्या कामात खेळ असतो तो चित्रातला. रोगणकामात तो पदार्थापर्यंत पोचतो. त्यासाठी उरुशी म्हणजे काय ते नीट कळायला हवे. सावंतवाडीच्या खेळण्यांवर जी लाख असते ती किड्यांपासून मिळते, उष्णतेने मऊ होते, गार झाली की घट्ट बसते. उरुशी हा झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षांच्या एका झाडातून एका हंगामात साधारण दोनशे ग्रॅम मिळतो. ओला असताना अंगाला लागला तर फोड येतात. आणि तो वाळतो म्हणजे पाणी उडून जाऊन सुकत नाही. दमट हवेत, त्यातल्याच एका विकराच्या मदतीने, हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो. म्हणून कारागीर ओल्या फडक्यांनी दमट ठेवलेल्या कपाटात वस्तू ठेवतो. एकदा कडक झाले की पाणी, मद्य, आम्ल, काही त्याला सहजी बाधत नाही. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनातून जपानी वस्तू घेऊन परतणारे ‘नील’ जहाज १८७४ मध्ये इझूच्या किनाऱ्याजवळ बुडाले. वर्षाहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहिलेल्या रोगणाच्या काही वस्तू बाहेर काढल्या तेव्हा त्यांचे तेज शाबूत होते. म्यानासाठी हा लेप निवडला गेला तो याच गुणांसाठी: आतल्या पोलादाला ओल लागू नये.

पण हा चीक काहीही होऊ शकतो, हे कारागिरांना लवकरच कळले. एदो काळात रोगणाच्या शेकडो तऱ्हा निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा म्यानांवर जन्मल्या. इतक्या की या सगळ्या प्रकाराला ‘म्यानाचे रोगण’ असेच म्हणत. ओल्या लेपावर भाताचे तूस पेरायचे. चहाची पाने चिकटवायची. अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवायचे. माशाच्या खरखरीत कातड्यावर काळे रोगण भरून ते सपाट होईतो घासायचे, म्हणजे काळ्यावर पांढऱ्या टिकल्यांचे आभाळ उमटते. उत्तरेकडच्या त्सुगारू प्रांतात ओल्या लेपावर मोहरीवर्गातल्या एका रोपाचे बी पेरत. लेप कडक झाला की बी खरवडून काढायचे. प्रत्येक दाण्याभोवती रोगण चढून एक इवलीशी कडी झालेली असते. त्यावर दुसरा रंग भरायचा आणि दगडाने, मग कोळशाने घासत न्यायचे, की काळ्या पृष्ठभागावर हजारो बारीक कड्या दिसतात. दुसऱ्या तऱ्हेत भोकाभोकांच्या पट्टीने रोगणाचे उंचवटे उठवायचे, त्यांवर रंगांचे थर चढवत जायचे, आणि मग घासून सगळे सपाट करायचे, म्हणजे थरांचे कापे उघडे पडतात. काम इतके जिकिरीचे की लोकांनी त्याला ‘मूर्खाचे रोगण’ असे नाव ठेवले. दोन-तीन महिने खपून तयार झालेले हे म्यान हातात घेतले तर बोटाला काहीच लागत नाही. सगळा खडबडीतपणा डोळ्यालाच दिसतो.

या सोंगाला हारित्सुने विद्वत्तेची जोड दिली. त्याने रोगणातून जुन्या चिनी शाईच्या वड्या बनवल्या. कडा झिजलेल्या, टवके उडालेल्या, शिक्क्यांसकट. मला त्याची कामे थोडी जड वाटतात. पाहणाऱ्याला चीनची पुस्तके ठाऊक असावीत अशी त्याची अपेक्षा दिसते. त्याच्यानंतर शंभर वर्षांनी तीच विद्या शिबाता झेशिनच्या (१८०७–१८९१) हातात आली आणि ती हलकी झाली. झेशिन एदोतला, अकराव्या वर्षी रोगणकार कोमा कान्साइकडे उमेदवारीला लागलेला, पुढे क्योतोला जाऊन चित्रकला शिकलेला. ओल्या घट्ट रोगणातून दातेरी पट्टी ओढून समुद्राच्या लाटा विंचरून काढण्याची सतराव्या शतकाच्या शेवटची विद्या विस्मरणात गेली होती. ती त्याने पुन्हा जिवंत केली. पण त्याचा खरा पराक्रम म्हणजे गंजलेले लोखंड. रोगणात बारीक पूड मिसळून लेप खरबरीत करायचा, टोचून-टोचून लोखंडाची छिद्रे उठवायची, मधूनच तांबूस झाक, कडेला जुना झिजलेला भाग किंचित चकचकीत. काँसे, शिसवीसारखे लाकूड, तेही त्याने रोगणातच घडवले. लाकडाला खोटा तडा दिला आणि तो सांधल्याची खोटी खूणही केली. त्याच्या काही कंबरडब्यांवर, म्हणजे इन्रोंवर, जुने लोखंडी त्सुबा दिसतात. लोखंड त्यांत नावालाही नाही.

अशी वस्तू काचेआडून पाहणाऱ्याला पुरती कळत नाही. डोळा सांगतो लोखंड, हात वजनाची तयारी करतो, आणि वस्तू पिसासारखी वर येते. थट्टा घडते ती मनगटात. माझ्या मते या कलेचे शिखर इथे आहे. राक्षसाचे चित्र वीराला हसते. हे रोगण खुद्द पोलादाच्या दराऱ्याला हसते. तलवारीचा वचक कशाचा असतो? धातूच्या वजनाचा, थंडपणाचा, गंजातून बोलणाऱ्या वयाचा. एका झाडाच्या चिकाने हा सगळा वचक जसाच्या तसा उभा करून दाखवला, मग त्या वचकात लोखंडाचे असे उरले काय? हा प्रश्न झेशिनने शब्दांत कधी मांडला असेल असे मला वाटत नाही. त्याने तो आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. हे सगळे साज मिरवणाऱ्या वर्गाला, अपमान करणाऱ्या सामान्य माणसाला तिथल्या तिथे कापण्याचा कायदेशीर अधिकार होता. नंतर चौकशी होई, तरी अधिकार होता. ज्याच्या मानेवर पाते येणार त्याला त्सुब्यावरचा बेडूक काय कामाचा? हे खरे आहे. खेळकर साजाने एकाही सामुराईला दयाळू केले असा पुरावा नाही, आणि तसा दावा मी करत नाही. माझा दावा त्याहून लहान आहे: शस्त्राबद्दल शंका घेण्याची जागा त्या समाजाने शस्त्रावरच राखून ठेवली. ज्या समाजात ती जागा कुठेच नसते, तिथे शस्त्राची पूजाच तेवढी उरते.

कडव्या पंथाकडे आणखी एक दाखला असतो. २४ मार्च १८६० रोजी एदोत बर्फ पडत होते. शोगुनच्या सरकारचा सर्वेसर्वा इइ नाओसुके साकुरादा दरवाजाजवळ पालखीतून चालला होता. ओल लागू नये म्हणून रक्षकांनी तलवारीच्या मुठींवर खोळी चढवल्या होत्या. मारेकरी तुटून पडले तेव्हा खोळी काढून तलवार उपसायला वेळ लागला, आणि नाओसुके मारला गेला. साजाची काळजी घेता घेता लढणे विसरले, असे या प्रसंगावरून सांगतात. मला यात वेगळेच दिसते. त्या सकाळी मारेकऱ्यांना शंका नव्हती. आपण वाईटाचा नायनाट करायला निघालो आहोत याची त्यांना पक्की खात्री होती, चकतीवरच्या शोकीला असते तशी. त्यानंतरच्या आठ वर्षांत जपानच्या रस्त्यांवर अशा खात्रीने किती रक्त सांडले ते इतिहासात नोंदलेले आहे.

१८७६ च्या मार्चमध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक जागी तलवार लावायला बंदी केली. लष्कर, पोलीस आणि समारंभाचा अधिकृत वेष यांना तेवढी सूट. साज बनवणाऱ्यांचा धंदा बसला. कानो नात्सुओसारख्या अव्वल कोरणाऱ्याने नव्या टांकसाळीच्या नाण्यांचे साचे आधीच केले होते. कित्येक जण परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, डब्या, तबके करू लागले. या निर्यातमालाबद्दल माझे मत कडक आहे. कसब अफाट, पण खेळ संपला. एकाच तबकावर सात राक्षस, शोकी, माकड आणि चंद्र. लपवलेले काही नाही, उलटून पाहण्यासारखे काही नाही. झेशिन त्या गर्दीतून वाचला, कारण रिकामी जागा सोडण्याची सवय त्याने शेवटपर्यंत मोडली नाही. १८९० साली त्याला सम्राटाच्या घराण्याचा मानाचा कलाकार नेमले, आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

त्याच काळात जुन्या तलवारींचे साज पात्यांपासून सुटून युरोप-अमेरिकेत गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचे मोठे साठे आहेत. चकत्या खिळ्याला टांगलेल्या किंवा मखमलीवर आडव्या, एक बाजू वर. दुसऱ्या बाजूचा राक्षस मखमलीत तोंड खुपसून पडलेला. म्याने एकीकडे, मेनुकी वेणीतून काढून पिन मारलेल्या, पूर्ण उघड्या. ज्या वस्तूचा अर्थच उलटण्यात, झाकण्यात आणि उचलण्यात होता, ती अशी मांडली की उरते ती नक्षी. मग तिला नटवेपणा म्हणणे सोपे जाते. ऱ्हासाचा हिशेब मांडणाऱ्यांपैकी कित्येकांनी या चकत्या अशाच एका अंगाने पाहिल्या असतील, असा माझा दाट संशय आहे.

वस्तू हाताळायला देता येणार नाही हे मान्य. उरुशी उजेडाने फिकी पडते, कोरड्या हवेत तडकते. पण खाली आरसा ठेवता येतो, वजन लिहिता येते, दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी लावता येतात. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर आता अनेक त्सुब्यांच्या दोन्ही बाजू दिसतात. घरबसल्या पाहता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या जपानी वस्तू आहेत; तिथे गेलात तर रोगणाच्या वस्तूसमोर नेहमीपेक्षा थोडे अधिक थांबा, ती कशाचे सोंग घेते आहे ते पाहा. आणि कुठेही, कुठल्याही देशात, एखादा त्सुबा काचेआड दिसला तर तिथल्या माणसाला मागची बाजू दाखवायला सांगा. ते तुमच्या हक्काचे आहे.